काचेवरची खूण

मित्रांनो, मी भिंतीवरची एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटले की तुम्ही लगेच विचाराल, आत काय ठेवतात? माझ्या आत काहीच ठेवत नाहीत. आत दोन ट्यूबलाइट आहेत, समोर दुधी काच आहे, वरच्या कडेला चिमट्यांची रांग आहे आणि खाली पेन्सिल ठेवण्यापुरती एक अरुंद पन्हळ आहे. एक्स-रेचा फोटो चिमट्यात अडकवायचा, माझे बटण दाबायचे आणि माणसाच्या आत काय चालले आहे ते पाहायचे, एवढेच माझे काम. लहानपणी तुमच्यापैकी कोणाचा हात मोडला असेल, तर डॉक्टरांनी माझ्यासारख्याच एखादीवर फोटो लावून तुमच्या आईला दाखवला असेल. डॉक्टरांनी हाड पाहिले. आईने तुमच्याकडे पाहिले. पेटीकडे कोणी पाहिले नाही.

ही तक्रार आहे असे समजू नका. माझ्या कामाची रीतच अशी की लोक माझ्याकडे तोंड करून उभे राहतात आणि पाहतात दुसरेच काही. खिडकीचेही तसेच असते म्हणा. पण खिडकी निदान कोणी तरी पुसते.

माझा जन्म पत्र्याच्या एका कारखान्यात झाला. एका कारागिराने माझा पत्रा वाकवला, दुसऱ्याने मला फिकट पिवळा रंग दिला आणि तिसऱ्याने गप्पांच्या नादात माझी काच उलटी बसवली, मग जीभ चावून पुन्हा सुलटी बसवली. त्या दिवशी आम्ही बारा जणी तयार झालो. एका ओळीत उभे करून आमची बारा बटणे तपासणीसाठी एकदम दाबली, तेव्हा ती सगळी शेड उजळून निघाली. माझ्यासारखे कोणी माझ्या शेजारी होते असा तो एकच दिवस. दुसऱ्या दिवशी आम्हाला खोक्यांत भरून बारा वाटांनी पाठवून दिले.

बाकीच्या बहिणींपेक्षा माझ्याकडे एक गोष्ट मात्र जास्त होती. माझ्या उजव्या बाजूला, बशीएवढ्या गोल काचेमागे, एक वेगळा दिवा होता. तो बटणाने लागत नसे. त्यासाठी खाली जमिनीवर एक पेडल होते. पाय दाबला की दिवा लागे, उचलला की विझे. त्याचा उजेड इतका प्रखर की गोल काच बघता बघता तापे, म्हणून सगळे त्याला गरम दिवा म्हणत. दहा आकडे मोजेपर्यंतच पाय ठेवायचा, नाहीतर फोटो वाकडा होई. हा दिवा कशासाठी, ते पुढे येईलच. जरा धीर धरा. मी तर तीस वर्षे धीर धरूनच आहे.

मला एका रुग्णालयाच्या तळमजल्यावर, लांब बोळाच्या टोकाच्या खोलीत लावले. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, समोर मोठी खिडकी आणि तिच्यावर जाड काळा पडदा. माझ्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे अंधारखोली होती. तिथे फोटो औषधाच्या पाण्यात धुतले जात.

मित्रांनो, एक्स-रेचा फोटो म्हणजे शेवटी सावली असते. ते किरण शरीरातून आरपार जातात. हाड त्यांना अडवते, म्हणून हाड पांढरे दिसते. फुप्फुसात हवा असते, हवा त्यांना जाऊ देते, म्हणून फुप्फुस काळे दिसते. त्या काळ्यात एखादा पांढरा डाग दिसला की डॉक्टर थबकतात. पण सावलीवरून माणूस ओळखणे सोपे नाही. भरून आलेल्या जुन्या जखमेची सावली पांढरी पडते आणि वाढणाऱ्या आजाराचीही पांढरीच पडते. पुष्कळदा फरक कळतो तो काळ गेल्यावर. जुना फोटो आणि नवा फोटो शेजारी लावायचे. डाग वर्षानुवर्षे होता तेवढाच असेल तर बहुधा घाबरायचे कारण नसते. वाढला असेल तर हातपाय हलवायला हवेत. माझी काच दोन फोटो मावतील एवढी रुंद आहे, ती याचसाठी.

फोटो पाहणाऱ्या डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या उंचीने एवढ्या लहान होत्या की माझ्या चिमट्यांपर्यंत पोचायला त्यांना लाकडी स्टुलावर चढावे लागे. कोणी दार उघडून आत आले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "जुना फोटो आणलाय का?" लोक गोंधळत. आपण दुखणे दाखवायला आलो आणि या बाई रद्दी मागतात, असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसे.

बाईंची आणखी एक सवय होती. त्या रोग्याच्या फोटोवर कधीच खूण करत नसत. दुसरे डॉक्टर पेन्सिलने बाण काढत, गोल काढत. बाई फोटोची खालची कड उचलत, आत माझ्या काचेवर मेणाच्या लाल पेन्सिलीने गोल काढत आणि फोटो पुन्हा खाली सोडत. फोटोतून तो गोल बरोबर डागाभोवती दिसे. रोग्याला समजावून सांगून झाले की फोटो काढून त्याच्या हातात देत आणि माझी काच अंगठ्याने पुसत.

"फोटोवर खूण केली की माणूस घरी जाऊन रोज तीच बघत बसतो," त्या म्हणत. "त्याला फोटो द्यावा, खूण आपल्याकडे ठेवावी."

म्हणजे माझ्याकडे. हे मी अभिमानाने सांगते. शेकडो माणसांची काळजी माझ्या काचेवर काढली गेली आणि पुसली गेली. मेण कधी पूर्ण निघत नाही. माझ्या काचेवर एक फिकट लालसर छटा कायमची राहून गेली आहे.

भिंतीपलीकडच्या अंधारखोलीत फोटो धुणारे एक गृहस्थ होते. दिवसभर अंधारात काम, आणि बाहेर आले की उजेडात डोळे मिचकावत, म्हणून त्यांचे नाव पडले घुबडराव. त्यांनीही ते आनंदाने लावून घेतले होते. अंधारात घड्याळ नीट दिसत नसे, म्हणून ते एक अंगाईगीत गुणगुणत. गाणे दोनदा म्हणून झाले की फोटो औषधातून बाहेर काढायचा, हे त्यांचे माप. त्यांच्या मुलीला तान्हेपणी तेच गाणे म्हणून झोपवले होते, म्हणून त्याची लय त्यांच्या हाडीमासी भिनलेली होती. मला भिंतीतून ते गाणे ऐकू येई. माझ्याशी कोणी बोलत नसे, पण दिवसातून साठ-सत्तर वेळा मला अंगाई मिळत असे. एवढे सुख किती जणांच्या वाट्याला येते?

घुबडरावांचा एक दोषही होता. ओला फोटो ते नेहमी खालच्या डाव्या कोपऱ्यात धरत आणि तिथे त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटे. बाई वैतागून म्हणत, "प्रत्येक फोटोवर सही केलीच पाहिजे का?"

आता मी त्या दिवसाकडे येते.

नऊ वर्षांपूर्वी एक तरुण मुलगी आली. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवत असे. केस अजून ओले होते. दोन आठवडे खोकला आणि अंगात ताप, तरी ती रोज पाण्यात उतरत होती. सोबत आलेला मोठा भाऊ दारातूनच सांगू लागला, "डॉक्टर, हिला तुम्हीच काहीतरी सांगा. घरात ही कुणाचं म्हणून ऐकत नाही."

त्याच दिवशी सकाळी घुबडरावांची मुलगी नोकरीसाठी दूरच्या शहरी गेली होती. मला हे पुढे त्यांच्या बोलण्यातून कळले, पण काहीतरी बिनसले आहे हे तेव्हाच जाणवले. त्या दिवशी भिंतीपलीकडचे गाणे फार सावकाश चालले होते. दोनदा झाले, आणि तिसऱ्यांदाही सुरू झाले. मध्येच ते थांबले आणि पळापळीचा आवाज आला. मग घुबडराव फोटो घेऊन आले. जास्त वेळ औषधात राहिलेला फोटो काळाकुट्ट होतो. हा तसाच झाला होता.

बाईंनी तो माझ्यावर लावला. माझ्या दोन्ही ट्यूब लागल्या होत्या, तरी फोटोचा वरचा भाग तव्यासारखा काळा.

"घुबडराव, फोटो धुतलात की भाजलात?"

"जास्त वेळ राहिला, बाई. चूक झाली. दुसरा काढू का?"

बाईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि त्यांचा आवाज उतरला. "नको. आपल्या चुकीसाठी पोरीच्या अंगावर पुन्हा किरण कशाला? माझा गरम दिवा आहे की."

अशा काळ्या फोटोंसाठीच माझा गरम दिवा होता. बाईंनी फोटो गोल काचेवर धरला आणि पेडलवर पाय दिला. काळ्यातून उजेड फुटला. तापाचे कारण फुप्फुसाच्या खालच्या भागात होते, ते आधीच दिसले होते आणि त्याला औषध होते. पण वर, गळ्याखालच्या आडव्या हाडामागे, वाटाण्याहूनही लहान असा एक गोल डाग दिसला.

बाईंनी गोल काचेवर लाल पेन्सिलीने खूण केली आणि मुलीला जवळ बोलावले. "हे बघ, पोरी. याची कड स्वच्छ आहे. कधीतरी आतली एखादी जखम भरली असेल, त्याचा वण वाटतो. वर्षाने पुन्हा एक फोटो काढू आणि दोन्ही शेजारी लावून बघू. तोवर विसरून जा."

तोवर काच तापली होती. लाल मेण वितळले आणि गोलाचा एक ओघळ खाली आला. बाई हसल्या. "बघ, खूणसुद्धा थांबायला तयार नाही. तू कशाला धरून बसतेस?"

मुलगीही हसली. भावाने काळा फोटो पाकिटात घातला. बाईंनी रिपोर्ट लिहून दिला आणि ते दोघे गेले. गोल काचेवरचा तो ओघळ मात्र पुसूनही निघाला नाही, कारण मेण थंड होऊन काचेला धरून बसले होते.

वर्ष झाले. मी तिची वाट पाहिली. पेटीने वाट पाहायची म्हणजे काय करायचे, तर आहे तिथेच लटकायचे. ती आली नाही. बाईंनी "वर्षाने ये" म्हटले होते आणि "विसरून जा" असेही म्हटले होते. माणसे त्यातले सोयीचे तेवढे उचलतात.

त्याच वर्षी नवी यंत्रे आली. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, माझ्या तोंडी ते शोभणार नाही. पाव कापावा तसे शरीराचे पातळ पातळ काप ती पडद्यावर दाखवतात, आणि तेही सुरी न लावता. माझ्या डोळ्यांना जन्मात दिसले नसते असे आजार त्यांना वेळेत सापडतात आणि माणसे वाचतात. पण पडद्यावर फोटो आला की पेटी कोणाला हवी? अंधारखोलीला कुलूप लागले. गाणे बंद झाले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी रुमालाने माझी काच पुसली, पेन्सिलीचा तुकडा पन्हळीत ठेवला आणि बटण बंद केले. काही बोलल्या नाहीत. पेटीशी कोण बोलते?

माझी खोली मग सामानाची खोली झाली. काळा पडदा काढला. कागदाची खोकी आली, मोडकी चाकाची खुर्ची आली, सलाइनच्या बाटल्या टांगायचे दांडे आले. माझ्या पेडलवर हातमोज्यांची तीन खोकी एकावर एक चढली. घुबडरावांना हे सामान सांभाळायला बसवले. ते माझ्याच खोलीत टेबलाशी बसत, पण आता गुणगुणत नसत. गाण्याने मोजावे असे त्यांच्याकडे काही उरले नव्हते. आणि माझ्या काचेवर लोकांनी चिकटपट्टीने कागद लावायला सुरुवात केली. कोणाची कधी पाळी, कोणाची कधी सुट्टी, कोणाची छत्री हरवली, सगळे माझ्या तोंडावर.

आणखी दोन वर्षांनी एका सकाळी एक कागद लावला गेला. लोक येत, वाचत आणि गप्प होऊन जात. त्या कागदाची पाठ माझ्याकडे होती. माझ्या आत उजेड असता तर मला तो वाचता आला असता. दुपारी घुबडराव समोर उभे राहिले आणि हळू आवाजात वाचू लागले. तेव्हा मला कळले की मोठ्या बाई वारल्या. तो कागद महिनाभर माझ्यावर होता. मग त्यावरच नवे वेळापत्रक चिकटवले.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या जाण्याची बातमी आपल्याच तोंडावर चिकटलेली असावी आणि आपल्याला ती वाचता येऊ नये, याहून एकटेपणा मला ठाऊक नाही.

अशी वर्षे गेली. आणि गेल्या महिन्यात ती पुन्हा आली.

मी तिला केसांवरून ओळखले. ओलेच होते. वय वाढले होते आणि चेहरा उतरला होता. भाऊही तोच, फक्त आता त्याला चष्मा लागला होता. त्यांच्यापुढे चालत नवे डॉक्टर खोलीत शिरले. हे आताचे फोटो पाहणारे डॉक्टर, माणूस हुशार आणि मनाने चांगला. त्यांच्या स्वतःच्या खोलीला खिडकी नाही, कारण यंत्रांचे पडदे पाहायला अंधार लागतो. म्हणून उजेडासाठी ते माझ्या खोलीत आले होते. त्यांच्या हातात एक जुने, चुरगळलेले पाकीट होते.

बोलण्यावरून मला सगळे समजले. तलावावरच्या कामासाठी तिची तपासणी झाली होती. फोटोत डाग दिसला, म्हणून सीटी स्कॅन केला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला, हाडामागे, एक लहान गाठ निघाली. जागा अशी अडचणीची की सुई घालून तुकडा काढणे धोक्याचे. सर्जन म्हणाले, फुप्फुसाचा तेवढा भागच काढून टाकू. ऑपरेशनला चार दिवस उरले होते. पूर्वी कधी काही निघाले होते का, असे विचारले, तर ती ठामपणे नाही म्हणाली होती. तरी नवे डॉक्टर अडून बसले की एखादा जुना फोटो असेल तर आणा. तेव्हा भावाने घर उलथेपालथे केले आणि फोटो सापडला तो त्याच्याच गादीखाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

नव्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि खिडकीशी जाऊन आकाशाकडे धरला. त्यांची पाठ माझ्याकडे होती. दोन पावलांचे अंतर.

त्यांनी बराच वेळ पाहिले. फोटो वर केला, खाली केला. मग म्हणाले, "वरचा भाग काळाच आहे, पण मला तरी इथे काही दिसत नाही."

"म्हणजे?" भावाने विचारले.

"म्हणजे तेव्हा ही गाठ नव्हती असं धरावं लागेल. नंतर झाली. मग ऑपरेशन टाळा असं मी नाही म्हणू शकत."

ती मोडक्या खुर्चीच्या दांडीवर हात ठेवून उभी होती. "भाग काढल्यावर मी पाण्यात उतरू शकेन?"

"उतराल. पण दम पहिल्यासारखा राहील असं सांगत नाही."

"शिकवायचं म्हणजे बुडणाऱ्याच्या खाली जाऊन त्याला वर ढकलायचं असतं, डॉक्टर. तिथे अर्धा दम चालत नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली असेल! मला माहीत होते. तो डाग मी पाहिला होता, माझ्याच काचेवर त्याच्याभोवती गोल काढला होता. पण मला तोंड नाही, आणि जे होते त्यावर सुट्ट्यांचा तक्ता चिकटलेला. मला आयुष्यात प्रथमच मोठ्या बाईंचा राग आला. एवढी माया कशाला करायची? फोटोवर एक लहानसा गोल काढला असता तर काय बिघडले असते? खूण माझ्याकडे ठेवली, पण माझ्याकडे ठेवलेले मागायला येणार कोण?

डॉक्टर फोटो पाकिटात घालू लागले. तेव्हा टेबलामागून घुबडराव उठले. त्यांची नजर फोटोच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर होती.

"साहेब, जरा थांबा. हा फोटो माझ्या हातचा आहे."

"कशावरून?"

"हा माझा अंगठा." त्यांनी ठशावर बोट ठेवले. मग म्हणाले, "आणि हा काळा झालाय तोही माझ्यामुळेच. त्या दिवशी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, औषधात जास्त वेळ राहिला. खिडकीच्या उजेडाचं हे काम नाही, साहेब. तुम्हाला इथे दिसत नाही म्हणजे इथे नाहीच, असं नका म्हणू."

"मग कशाने दिसेल?"

घुबडरावांनी नुसते माझ्याकडे बोट केले. डॉक्टर वळले. आठ वर्षांत प्रथमच कोणीतरी माझ्याकडे काही शोधण्यासाठी पाहिले.

मग जी धांदल उडाली! भावाने हातमोज्यांची खोकी बाजूला केली. घुबडरावांनी तक्ता टरकावला, त्याखालचा कागद आला, त्याखालचा आला. शेवटी बाईंच्या निधनाचा कागद निघाला. तो त्यांनी फाडला नाही. चिकटपट्टी नखाने सोडवून, घडी घालून खिशात ठेवला. मग माझे बटण दाबले. एक ट्यूब कधीच गेली होती. दुसरी टकटक करत राहिली, लागू की नको असे म्हणत, आणि एकदाची लागली. पण त्या उजेडाला तो फोटो दाद देणार नव्हता, हे मला ठाऊक होते. प्रश्न गरम दिव्याचा होता. इतकी वर्षे तो विझलेला. तार गंजली असेल, उंदरांनी कुरतडली असेल. मलाच माझा भरवसा नव्हता.

डॉक्टरांनी फोटो गोल काचेवर धरला. घुबडरावांनी पेडलवर पाय दिला. पेडल करकरले. काही झाले नाही.

त्यांनी पुन्हा दाबले, सगळा भार देऊन.

आणि दिवा लागला.

"एक, दोन," घुबडराव मोजू लागले. डॉक्टर इतके जवळ आले की त्यांचा श्वास माझ्या काचेवर उमटला. "तीन, चार." हाडाची कड दिसली. "पाच." हाडामागे तो होता. वाटाण्याहून लहान, गोल, स्वच्छ कडेचा. नऊ वर्षांपूर्वी होता तिथेच.

"आहे!" डॉक्टर जवळजवळ ओरडले. "घुबडराव, आहे इथे!"

ती पुढे झाली. तिची नजर डागावर नव्हती. डागाशेजारी गोल काचेवर एक लालसर ओघळ चमकत होता, त्याकडे ती पाहत होती. "हा रंग ओघळला होता," ती म्हणाली. "त्या लहानशा डॉक्टर हसल्या होत्या. मला दाखवलं होतं त्यांनी... दादा, मला दाखवलं होतं रे. विसरून जा म्हणाल्या, आणि मी विसरले."

"जन्मात कुणाचं ऐकलं नाहीस," भाऊ डोळे पुसत म्हणाला, "आणि नेमकं हेच बरं ऐकलंस! आणि तो रिपोर्ट?"

"त्याच्या मागे तलावाचं वेळापत्रक लिहिलं होतं. तलावातच भिजला."

डॉक्टरांनी पट्टी मागवली. दिवा थोडा थोडा वेळ लावत त्यांनी डाग तीनदा मोजला, मग धावत जाऊन पडद्यावरचा मोजून आले. नऊ वर्षांत तो वाढला नव्हता. त्यांनी तिथूनच सर्जनना फोन लावला. ऑपरेशन रद्द झाले. "वाढणारी गाठ नऊ वर्षं गप्प बसत नाही," ते तिला म्हणाले. "पण वर्षाने पुन्हा एकदा स्कॅन करून बघू. या वेळी नक्की यायचं."

तिने मान हलवली. डॉक्टर फोटो पाकिटात घालणार, एवढ्यात तिचे लक्ष माझ्या पन्हळीकडे गेले. धुळीत लाल पेन्सिलीचा तुकडा पडला होता. तो उचलून तिने डॉक्टरांपुढे धरला.

"गोल काढून द्या."

जुन्या ओघळाशेजारी डॉक्टर काच पुसू लागले, तशी ती म्हणाली, "तिथे नको. फोटोवर काढा. मला या वेळी विसरायचं नाही."

त्यांनी फोटोवर गोल काढला, शेजारी तारीख लिहिली. ती ते पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून गेली. बोळात दोघा भावंडांचे भांडण आणि हसणे दूरपर्यंत ऐकू येत होते.

माझी काच मात्र त्या दिवशी कोरी राहिली. रोग्याला फोटो दाखवून झाला आणि माझ्यावर खूण नाही, असे प्रथमच घडले. खरे सांगते, मला वाईट वाटले. जिची काळजी नऊ वर्षे मी जपली, ती आपली खूण घेऊन निघून गेली आणि जाताना तिने मागे वळूनही पाहिले नाही. पण ती खूण तिचीच होती. ती तिच्याकडेच असायला हवी होती. मोठ्या बाईंना हे सांगायला मला आवडले असते. त्या स्टुलावर चढून, थोडा विचार करून, "खरं आहे तुझं" म्हणाल्या असत्या.

म्हणून मित्रांनो, माझे एक मागणे आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. तुमच्या घरात आजीआजोबांचे, आईबाबांचे जुने फोटो गादीखाली, कपाटामागे पडलेले असतील. ते रद्दीत देऊ नका. त्यांच्याबरोबर डॉक्टरांनी लिहून दिलेला कागदही ठेवा, आणि त्याच्या पाठीमागे कृपा करून वेळापत्रक लिहू नका. कोणी मायेने "विसरून जा" म्हटले तर काळजी खुशाल विसरा, पण काय दाखवले होते ते घरात एकाला तरी सांगून ठेवा.

आणि माझे म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी माझ्यावर सुट्ट्यांचा तक्ता पुन्हा लागला. ट्यूब पुन्हा बंद आहे. घुबडराव पुढच्या महिन्यात निवृत्त होतील आणि मग या खोलीत मला ओळखणारे कोणी असणार नाही. पण त्या दिवसापासून ते एक काम न चुकता करतात. नवे सामान आले की हातमोज्यांची खोकी ते पलीकडच्या भिंतीशी लावून घेतात. माझ्या पेडलवर आता कोणालाच काही ठेवू देत नाहीत.